जोजिला: झिरो पॉइंटच्या फोटोसाठी एप्रिलमधे घाटात शिरायलाच हवं का?

नाशिकचा_भटक्या

दरवर्षी मार्च आला की एकच बातमी फिरते, बीआरओने, म्हणजे सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या संघटनेने, काश्मीर-लडाखमधला जोजिला घाट विक्रमी वेळात उघडला. २०२३ ला ६८ दिवस बंद होता, २०२४ ला ३५, २०२५ ला ३२. पूर्वी हाच घाट पाच-सहा महिने बर्फाखाली असायचा आणि लडाख बाकीच्या देशापासून तुटलेलं असायचं, त्यामुळे काम मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद पुढचा आहे. ही बातमी आली रे आली की आपल्याकडच्या टूरवाल्यांची पोस्टर्स सुरू, 'बर्फाच्या भिंतींमधून प्रवास, झिरो पॉइंट इन्क्लुडेड'. झिरो पॉइंट म्हणजे सोनमर्गच्या पुढे, जोजिलावरचा बर्फ बघायचा स्पॉट. आमच्या फॅमिली ग्रुपवर तर मावशीने विचारलं पण, की सोनमर्गच्या पुढे बर्फ जास्त आहे म्हणे, तिकडे जाऊ या का, आणि सोबत कोण तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका आणि चार वर्षांचं नातवंड.

माझं म्हणणं सरळ आहे. निदान एप्रिल संपेपर्यंत जोजिलावर पर्यटकांच्या गाड्या सोडूच नयेत. लष्कर, मालवाहतूक, द्रास-कारगिलची माणसं, पेशंट यांच्यासाठी रस्ता उघडा, बाकीच्यांनी मे महिन्यात या.

लोक म्हणतात की उंची किती, फक्त साडेअकरा हजार फूट, खारदुंगला तर साडेसतरा हजार. अहो, उंचीवर नसतं ते. याच श्रीनगर-लेह रस्त्यावर फोटुला १३,४७९ फुटांवर आहे आणि तो जोजिलाइतका छळत नाही, कारण पश्चिमेकडून येणारं बाष्प काश्मीरच्या बाजूला जोजिलाच्या भिंतीवरच आपटतं आणि सगळा बर्फ तिथेच पडतो, पुढे लडाखात कोरडं. त्यात काश्मीरच्या बाजूच्या बालटालकडून चढण एकदम खडी, नागमोडी, एका बाजूला कच्चा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला सरळ खाली सिंध नदीचं खोरं. कॅप्टन मोड, शैतान नाला ही नावं ड्रायव्हर लोकांनी मजेत नाही ठेवलेली.

५ डिसेंबर २०२३ ला केरळचे चार पर्यटक आणि स्थानिक ड्रायव्हर, गाडी बर्फावरून घसरून दरीत गेली. ही मंडळी काही स्टंट करायला गेली नव्हती, साधी टॅक्सी करून बर्फ बघायला गेली होती.

बुलेटवाला_कोथरूड

हे म्हणजे अपघात झाला की रस्ता बंद करा. मग मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पण बंद करू, ताम्हिणी पण पावसाळ्यात बंद करू. राष्ट्रीय महामार्ग आहे तो, एनएच वन, आपल्या सगळ्यांच्या टॅक्समधून झालाय. आणि नियम नाहीत असं पण नाही ना, बर्फात चेन लावल्याशिवाय सोडत नाहीत, एका वेळी एकाच बाजूची वाहतूक, अवजड गाड्या एक दिवस इकडून एक दिवस तिकडून, कटऑफ टाइमिंग ठरलेलं. अजून काय पाहिजे?

मी स्वतः मेच्या पहिल्या आठवड्यात गेलोय बाइकवर. भिंती अजून होत्या, रस्त्यावर पाणी वाहत होतं, मजा आली. फाटणाऱ्याची फाटते, त्याला काय करणार.

नाशिकचा_भटक्या

मेच्या पहिल्या आठवड्यात गेलास म्हणजे मी सांगतोय तेच केलंस की भावा.

ग्रेफ_तासगावकर

मी ग्रेफमधून, म्हणजे बीआरओच्याच फौजेतून, निवृत्त. आपल्या पुण्यात दिघी कॅम्पला सेंटर आहे, तिथून भरती होऊन पुढं डोझरवर आयुष्य गेलं, त्यातले काही सीझन जोजिलावर. म्हणून लिहितो, मोबाईलवर टाइप करतोय सांभाळून घ्या.

बातमीत जे रस्ता उघडला म्हणतात ना ते कसं होतं बघा. सोनमर्गच्या अंगानं बीकन प्रोजेक्टची टीम वर चढत येते आणि द्रासच्या अंगानं विजयकची, आणि मधे कुठंतरी दोघं भेटतात, हातात हात देतात, फोटो निघतो. पण त्याच्या आधी रस्ता कुठं आहे हेच दिसत नाही. सगळा उतार एकसारखा पांढरा. डोझरचं पातं टाकलं की खाली डांबर आहे का दरीची कड आहे हे ऑपरेटरला अंदाजानं, म्हणून एक माणूस बाहेर उभा राहून हातानं खुणा करतो आणि दुसरा असतो तो कामाला हात लावत नाही, त्याचं काम एवढंच, वरच्या उताराकडं बघत राहायचं. वरून काही हललं तर ओरडायचं. तेवढ्या दोन-चार सेकंदात केबिनमधून उडी मारता आली तर मारायची. काचेवर आतून श्वासाचा बर्फ धरतो, तो नखानं खरवडत राहायचा. पहाटे डिझेल गोठल्यासारखं होतं, टाकीखाली शेकोटी धरून इंजिन चालू करायचं.

आणि रस्ता 'उघडला' म्हणजे काय, तर एक गाडी जाईल एवढी गल्ली कापली. वरच्या नाळींमधला, म्हणजे उतारावरच्या घळींमधला, बर्फ तसाच बसलेला असतो, तो काय आम्ही काढत नाही, काढताच येत नाही. तीस ते पंचेचाळीस अंशाच्या उतारावरचा बर्फ जास्त धोक्याचा. सरळ कड्यावर साठत नाही, सपाटीवर सरकत नाही, मधल्या उतारावरच तो दबा धरून बसतो. सकाळी घट्ट असतो. अकरा-बारानंतर ऊन लागलं की वरचा थर पाघळतो, पाणी खाली झिरपतं आणि अख्खी लादी सुटते. मार्च-एप्रिलचं ऊन तर विचारूच नका. म्हणून आम्ही पहाटे कामाला लागायचो आणि दुपारी मशीन मागं घ्यायचो.

आता टूरवाले काय करतात, हॉटेलात आरामात नाश्ता करून दहाला निघतात आणि बरोबर दुपारी माणसं वर पोचतात. बंदी घाला न घाला, मला एवढंच म्हणायचंय की दुपारी बारानंतर तिथं पर्यटक नको.

बुलेटवाला_कोथरूड

काका सलाम तुम्हाला. पण बघा, तुम्ही पण बंदी म्हणत नाहीच आहात, टाइमिंग म्हणताय.

ग्रेफ_तासगावकर

अरे बाबा टाइमिंग पाळणार कोण ते पण सांग. द्रासच्या अंगाला मीनामर्गला गाड्या अडकल्या की मागून हॉर्न आणि पुढं फोनाफोनी, आमच्या साहेबांच्या ओळखीचे आहेत जरा सोडा.

मृदुला_के

मला या सगळ्या चर्चेत एक गोष्ट खटकतेय, आपण नाशिक-पुण्यात बसून ठरवतोय की तिथे कोणी जावं आणि कधी. झिरो पॉइंटला तुमची गाडी जातच नाही, सोनमर्गहून स्थानिक युनियनची टॅक्सी करावी लागते. तो ड्रायव्हर, बूट आणि जॅकेट भाड्याने देणारा, स्लेज ओढणारा पोरगा, चहा-मॅगीवाला, यांचा सीझनच मुळात चार-सहा महिन्यांचा. त्यात एप्रिल २०२५ मधे पहलगामला जे घडलं त्यानंतर तो अख्खा उन्हाळा रिकामा गेला त्यांचा. आता बर्फासाठी चार लोक येतायत तर आपण म्हणणार, नको बाई धोका आहे. धोका त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहितीये, तेच रोज जातात त्या रस्त्याने.

आणि लोकल आणि पर्यटक असा भेद मृत्यू करत नाही. मे २०२२ मधे कारगिलकडून येणारी टॅक्सी कोसळली, नऊ माणसं गेली. महिना मे होता, एप्रिल नाही! म्हणजे तारखेची रेघ ओढून काही होत नाही. कठडे, दुरुस्ती, रात्रीची वाहतूक, थकलेले ड्रायव्हर यावर बोला ना.

नाशिकचा_भटक्या

मृदुलाताई, मे २०२२ चा मुद्दा बरोबर आहे, कठडे हवेतच. पण एप्रिलमधे भर पडते ती हिमस्खलनाची, आणि तिथे कठडा काही कामाचा नाही. पोटापाण्याचं म्हणाल तर सोनमर्ग बंद करा असं मी कुठे म्हणतोय? सोनमर्गला जा, राहा, घोडे करा, थाजीवासला बर्फात लोळा. उलट १३ जानेवारी २०२५ ला सोनमर्गच्या अलीकडचा झेड मोड बोगदा सुरू झाल्यापासून सोनमर्ग हिवाळ्यातही चालू राहतंय, पूर्वी हिवाळ्यात गाव रिकामं व्हायचं. म्हणजे त्या लोकांना चार महिने जादाचे मिळाले. पण त्याचाच दुसरा परिणाम असा की जो माणूस जानेवारीत सोनमर्गला पोचतो त्याला लगेच पुढचं दिसायला लागतं, एवढं आलोच आहोत तर अजून वीस-पंचवीस किलोमीटर. ही 'एवढं आलोच आहोत' वृत्ती आहे ना, ती मला सगळ्यात घातक वाटते. देवदर्शनापासून ट्रेकपर्यंत आपण सगळीकडे हेच करतो.

कागदी_इतिहासकार

थोडा इतिहास घालतो, कारण बंद-चालू हा प्रश्न या खिंडीला नवीन नाही. मिर्झा हैदर दुघलात हा मध्य आशियातला सरदार १५३३ च्या सुमाराला लडाखकडून याच बाजूने काश्मीरमधे उतरला. १७१५ मधे देसिदेरी नावाचा इटालियन पाद्री श्रीनगरहून लेहला गेला तो इथूनच, मे महिन्यात निघाला आणि जूनच्या शेवटी लेहला पोचला. व्यापारी काफिले शतकानुशतकं जात होते. म्हणजे खिंड माणसाला अडवत नाही, वेळ निवडायला लावते.

आणि ज्यांनी वेळ निवडली नाही त्यांची पण गोष्ट आहे. फेब्रुवारी १९४८, लेहवर हल्ला होणार हे दिसत होतं आणि रक्षणाला सैन्य जवळजवळ नाही. पृथी चंद हे हिमाचलातल्या लाहौलचे लष्करी अधिकारी, त्यांनी आपल्याच भागातले जेमतेम चाळीसेक स्वयंसेवक घेतले आणि ऐन हिवाळ्यात, सगळे वेड्यात काढत असताना, जोजिला पायी ओलांडला. मार्चमधे लेहला पोचले. लेह हातातून गेलं नाही त्याचं बरंचसं श्रेय त्या मूठभर माणसांना.

नंतर द्रास-कारगिल गेलं, खिंड शत्रूच्या ताब्यात. सप्टेंबरमधे पायदळाचे हल्ले फसले, कारण वर कड्यांमधे मशीनगन आणि खाली अरुंद घळ. मग जनरल थिमय्यांनी ठरवलं की रणगाडे न्यायचे. कुठे, तर साडेअकरा हजार फुटांवर! ७ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे, वजन कमी करायला आणि ओळखू येऊ नयेत म्हणून वरचे तोफेचे बुरूज उतरवून, ताडपत्रीखाली झाकून, जम्मूहून बालटालपर्यंत गुपचूप आणले. मद्रास सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर तुकडीने, बालटालपासून वर खेचरांच्या वाटेचा रणगाडे जातील असा रस्ता केला, तोही शत्रूच्या माऱ्याखाली. हल्ला बर्फामुळे लांबत गेला आणि १ नोव्हेंबर १९४८ ला झाला. राजिंदर सिंग 'स्पॅरो' रणगाड्यांचं नेतृत्व करत होते. समोरच्यांनी आयुष्यात तिथे रणगाडा अपेक्षिला नव्हता, त्याच दिवशी खिंड मोकळी झाली. नोव्हेंबर संपायच्या आत द्रास आणि कारगिल दोन्ही परत आलं.

आज बीआरओ ज्या चढावर बर्फ कापते ती वाट मुळात अशी रुंद झालीये. म्हणून म्हणतो, या रस्त्याला घाबरून बंद ठेवायची भाषा मला पटत नाही.

सौ_परांजपे_बोरिवली

इतिहास वाचून अंगावर काटा आला पण पटलं नाही हो. ती माणसं लेह वाचवायला गेली होती. आपण कशासाठी जातोय, तर रील. पृथी चंदांनी हिवाळ्यात ओलांडला म्हणून माझ्या सासूबाईंनी ओलांडावा?

कागदी_इतिहासकार

हा हा, नाही, सासूबाईंना नका नेऊ. मुद्दा एवढाच की ज्या रस्त्यावर देशाचा जीव टांगलाय तो वाहता राहिला पाहिजे. १९९९ ला तोलोलिंगवर शत्रू बसला आणि तिथून द्रासजवळचा हा महामार्ग थेट दिसत होता, ट्रक रात्री दिवे बंद करून चालवायला लागायचे. पर्यटन चालू असलं की रस्त्याकडे लक्ष राहतं, पैसा येतो.

ग्रेफ_तासगावकर

पर्यटन होतं म्हणून पैसा आला नाही साहेब, लष्कराची गरज होती म्हणून आला. १९६० ला बीआरओ काढलं तेच सीमेच्या रस्त्यांसाठी. लडाख पर्यटकांना उघडलं १९७४ ला. आम्ही त्याच्या आधीपासून बर्फ उपसतोय.

आणि अजून एक. पर्यटकाची गाडी अडकली की मागं आर्मीचा काफिला अडकतो, द्रासला भाजी-गॅस नेणारा ट्रक अडकतो, आणि मग आम्हालाच मशीन घेऊन भलत्या वेळी वर जायला लागतं. टूरिस्ट स्वतःच्या जबाबदारीवर येतो म्हणतो ना, तशी जबाबदारी त्याच्या एकट्याची नसते कधी. ऑपरेटर पण मरतात. त्यांची बातमी आतल्या पानावर.

टनेलप्रेमी_नागपूर

मंडळी, दोन-तीन वर्षं कळ काढा, हा धागाच कालबाह्य होणार आहे. जोजिला बोगदा, बालटाल ते मीनामर्ग, १३ किलोमीटरच्या वर, ऑक्टोबर २०२० ला गडकरी साहेबांनी पहिला स्फोट केला. घाटात जिथे तीन-तीन तास जातात तिथे वीस मिनिटं. बारमाही. मग कोण जातंय वरून?

मृदुला_के

सगळे जातील. मनालीजवळच्या रोहतांग खिंडीचं काय झालं बघितलं नाही का. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला, नऊ किलोमीटर, लाहौलच्या लोकांचं भलं झालंच. पण पर्यटक काय करतात, बोगद्यातून सिस्सूला जातात, झालं की परमिट काढून वर रोहतांगला पण जातात. एनजीटीने, म्हणजे हरित लवादाने, दिवसाला १२०० गाड्यांची मर्यादा घातलीये तरी परमिटसाठी मारामारी. बोगदा झाला म्हणून डोंगर बघायची हौस कमी होत नाही.

नाशिकचा_भटक्या

ताई तुम्ही माझ्या बाजूने कधी आलात?

मृदुला_के

आले नाही. रोहतांगला परमिट चाललं तसं इथे करा असं म्हणतेय. आकडा ठरवा, वेळ ठरवा, स्थानिक ड्रायव्हरच न्यावेत हे आहेच. सरसकट बंदी म्हणजे शेवटी ओळखीवाल्यांना सोडणं, काकांनीच वर लिहिलंय ते.

टनेलप्रेमी_नागपूर

एक मिनिट, पण बोगदा झाल्यावर वरच्या घाटातला बर्फ हिवाळ्यात कोण काढणार? लष्कर खालून जाणार, ट्रक खालून जाणार. नुसत्या झिरो पॉइंटसाठी बीआरओ डोझर लावेल असं वाटत नाही. म्हणजे तुमची बंदी आपोआपच.

नाशिकचा_भटक्या

हे मात्र कोणी विचारलंच नव्हतं. पण आधी बोगदा तर होऊ दे. पहिल्या कंत्राटदाराचं काम मधेच गेलं, दुसऱ्याला दिलं, तारीख २०२६ होती ती पण पुढे गेली. काम करणाऱ्यांनी काय काय भोगलंय, ऑक्टोबर २०२४ ला गगनगीरला झेड मोडच्या कामगारांच्या कॅम्पवर हल्ला झाला, एक डॉक्टर आणि सहा कामगार गेले. बोगदा होईपर्यंतचे हे जे दोन-तीन सीझन आहेत त्यांचंच मी म्हणतोय, कारण गर्दी आत्ता वाढतेय आणि रस्ता तोच आहे.

शिवाय हवामान बघा. २०२५ ला अख्खा जानेवारी घाट चालू होता आणि २७ फेब्रुवारीला बंद झाला तो थेट १ एप्रिलला उघडला. म्हणजे जोरदार बर्फ थंडीच्या शेवटी पडला, आणि तो ताजा बर्फ उतारावर असतानाच बरोबर आपल्या शाळांच्या सुट्ट्या लागतात.

बुलेटवाला_कोथरूड

ओके हा मुद्दा घेतला. तरी बंदी नाही. फार तर बर्फ पडल्यानंतर ठराविक दिवस पर्यटक बंद, मग चालू. हिमस्खलनाचा इशारा निघतोच की, डीआरडीओची संस्था देते ना, त्याला जोडून टाका. इशारा असेल तर शटर डाउन, नसेल तर जाऊ द्या. तारखेपेक्षा हे बरं.

ग्रेफ_तासगावकर

हे चालेल. फक्त इशारा वाचणारा पाहिजे कोणीतरी.

अश्विनी_ठाणे

सगळं वाचलं, डोकं गरगरलं. आमचं ९ एप्रिलचं बुकिंग आहे, आठ जण, त्यात आई ७१ वर्षांची. टूरवाला म्हणतो झिरो पॉइंट पॅकेजमधेच आहे, नाही गेलात तरी पैसे परत मिळणार नाहीत. काय करू? कॅन्सल करू का सगळंच?

सौ_परांजपे_बोरिवली

सगळं कशाला कॅन्सल? श्रीनगर, गुलमर्ग करा. झिरो पॉइंटचे पैसे बुडाले तर बुडू देत.

बुलेटवाला_कोथरूड

जा हो बिनधास्त. आदल्या रात्री ट्रॅफिक पोलिसांची ॲडव्हायजरी बघा, चालू असेल तर पहिल्या लॉटमधे जा. आईंना सोनमर्गलाच हॉटेलात ठेवा पण.

ग्रेफ_तासगावकर

ताई, जायचंच असेल तर चार गोष्टी. आदल्या दोन दिवसांत बर्फ पडला असेल तर जाऊ नका, ऊन कितीही छान पडलेलं असू दे. निघायच्या आधी ड्रायव्हरला चेन दाखव म्हणा, डिकीत आहे म्हणाला तर डिकी उघडायला लावा, आणि चाकं हातानं बघा, गुळगुळीत टायरला चेन लावून उपयोग नाही. बाराच्या आत खाली उतरायला लागा. आणि नाळीखाली गाडी थांबवून फोटो काढू नका, वरून खाली आलेली पांढरी घसरण जिथं दिसते ती नाळ, ड्रायव्हरला विचारा तो दाखवेल.

अश्विनी_ठाणे

थँक्यू काका. टूरवाल्याला लेखी विचारलंय की चेन कोण देणार आणि परत खाली किती वाजता आणणार. दोन दिवस झाले, ब्लू टिक आहे, उत्तर नाही.

नाशिकचा_भटक्या

तो स्क्रीनशॉट जपून ठेवा. पैसे परत मागताना लागेल.